ट्रंक एक्स्चेंजच्या सरलावन्सं

आमच्या वन्संना कुणी ‘बिचाऱ्या’ म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणतात, मी नणंदेची फार बाजू घेते. घेते तर घेते. नणंदेची बाजू घेणारी भावजय तुम्ही बघितली नसेल तर तो माझा दोष नाही.

मी उज्ज्वला मोघे, माहेर सांगलीचं. लग्न होऊन बेहाल्याच्या ह्या घरात आले तेव्हा घरात तीनच माणसं होती. माझ्या सासूबाई, आमचे हे, म्हणजे भालचंद्र, गार्डन रीचला रेल्वेच्या हिशेब खात्यात, आणि ह्यांची धाकटी बहीण सरला. मोघ्यांची ही कलकत्त्यातली तिसरी पिढी. घरात मराठी बोलतात खरं, पण रागावले की बंगालीत रागावतात. मला सुरुवातीला फार बरं वाटे, मेलं काही कळतच नसे.

वन्सं ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देतात तिथे, ऑपरेटर होत्या. चार भाषा येत, त्यामुळे मुंबई, नागपूर ह्या लायनी बहुधा त्यांच्याच बोर्डावर. सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन ट्रामनं जायच्या आणि संध्याकाळी आल्या की पायरीवर चपला काढताकाढताच बोलायला लागायच्या. कुणाला मुलगा झाला, कुणाचं जहाज अडकलं, कोण नवरा बायकोला कॉलवर रडवतो. नावगाव मात्र कधी सांगायच्या नाहीत. त्या कामावर त्यांचा असा जीव होता की एकदा सासूबाई म्हणाल्या, “हिचं लग्न टेलिफोनशीच लागलंय.” वन्सं म्हणाल्या, “बरंय ना, सासू नाही.” सासूबाई दोन दिवस धुसफुसत होत्या.

एकाहत्तर सालच्या वैशाखात ते झालं. इकडे त्या दिवसांत दुपार कलली की काळबैसाखीची वादळं येतात. बघता बघता अंधारून येतं, झाडं मोडतात, पत्रे उडतात आणि तासाभरात सगळं शांत. विजा चमकायला लागल्या की ऑपरेटरनं कानावरचा हेडसेट काढून ठेवायचा, असा नियम. वन्संच्या बोर्डावर तेव्हा नागपूरचा कॉल होता. बाप इस्पितळात, मुलगा इकडून बोलत होता. एवढं बोलणं होऊ दे त्यांचं, म्हणून वन्सं थांबल्या. वीज कुठे दूर तारांवर पडली ती तारेवरून थेट त्यांच्या कानात आली. खुर्चीवरून खालीच कोसळल्या.

डावा कान गेला तो गेलाच. उजव्या कानात राहिलं ते घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसं काहीतरी, आणि चोवीस तास भुणभुण. त्या बापलेकांचा मला अजून राग येतो. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही, हे कळतं मला. तरी येतो.

नोकरी गेली नाही. रेकॉर्ड रूममध्ये खुर्ची मिळाली. कॉलच्या चिठ्ठ्या लावायच्या, गठ्ठे बांधायचे, शिक्का मारायचा. पगार तोच. सगळे म्हणाले, नशीब! डोंबलाचं नशीब! दिवसभर लोकांना लोकांशी जोडून देणारी बाई, तिला सुतळीचा गुंडा दिला हातात. वन्सं घरी यायच्या, चपला काढायच्या, आत जायच्या. बस्स. एकदा मला म्हणाल्या, “वहिनी, मी उद्या ऑफिसात गेले नाही तर तिथे कुणाला कळणारसुद्धा नाही. असं वर्ष-दोन वर्षं चाललं की मी नोकरी सोडीन. मग मी कोण? दादाची बहीण. जन्मभर तुमच्या पानावर जेवणारी.”  त्या जे बोलत होत्या ते खोटं नव्हतं, आणि आमचे हे तर उघडच म्हणत होते, “सोड ना नोकरी, घरात काय कमी आहे?”

त्यातून वन्संचा हट्ट असा, की ऐकू येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही. ऑफिसात फक्त ‘कान दुखावला’ एवढंच. कुणी काही बोललं की मान डोलवायची, हसायचं. मंडळात कुणीतरी बाई सांगत होत्या, आमचे सासरे गेले हो गेल्या महिन्यात. वन्सं हसून म्हणाल्या, “वा, छान झालं!” मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. रिक्षात बसल्यावर काय झालं ते खुणांनी सांगितलं, तर त्या रडायलाच लागल्या. आणि ह्यांचं म्हणणं काय, तर “सांगू नका कुणाला, उगाच चर्चा होते.” भावाबहिणीचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत.

ओठांवरचं वाचायला त्या कधी शिकल्या कळलंच नाही, कुणी शिकवलंही नाही. एक दिवस मी तांदूळ निवडत समोर बसले होते आणि सासूबाई झोपल्या होत्या म्हणून आवाज न करता नुसते ओठ हलवून म्हणाले, “आज पुन्हा माझ्या आमटीला नावं ठेवलीत ह्यांनी.” वन्संनी लगेच उत्तर दिलं, “मीठ कमीच होतं.” मी चाट! मग तो आमचा उद्योगच झाला. रोज संध्याकाळी समोरासमोर बसायचं आणि बिनआवाजी बोलायचं. सासूबाई शेजारी जप करत असताना सासूबाईंबद्दल बोलायची मजा काय सांगू तुम्हाला!

वन्संचं मत असं झालं की बंगाली माणूस वाचायला सोपा. ओठ गोल करून, चवीनं बोलतो. मराठी माणूस दात मिटून बोलतो, शब्द द्यायचे त्याच्या जिवावर येतात. आणि सगळ्यांत अवघड आमचे हे. एक तर पेपरात तोंड, वर झुबकेदार मिशा. शेवटी एका रविवारी मीच कात्री घेऊन बसले. अर्धी मिशी गेल्यावर हे म्हणाले, “हे काय चाललंय?” आणि ते वाक्य वन्संना पहिल्या झटक्यात कळलं.

अडचण एकच, दिवे. तोवर कलकत्त्यात लोडशेडिंग सुरू झालं होतं. दिवे गेले की वन्संचं सगळंच गेलं. अंधारात त्या हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहायच्या. मी कंदील आणून माझ्याच तोंडाजवळ धरायची. शेजारच्या बंगाली काकूंनी खिडकीतून ते बघितलं आणि मला कसली तरी बाधा झाली असावी असं ठरवलं.

ह्या बिनआवाजी बोलण्याचा घोटाळा असा झाला, की सासूबाईंना वाटलं आम्ही दोघींनी अबोला धरलाय. दोघी समोरासमोर बसतात, तासन् तास, आणि चकार शब्द नाही! त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “नणंद-भावजयीचं बिनसलंय. सरलाचं ह्या घरात मन रमत नाही. तिला तिचं घर बघून दे.” झालं! हे लागले कामाला. आम्ही काय करत होतो ते मी समजावून सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, “तू तिची बाजू घेऊ नकोस.” आता बोला!

नागपूरचं स्थळ आलं. विनायकराव, बँकेत, बिजवर, दोन मुली, घरी म्हातारी आई. माणूस चांगला असल्याचं सगळ्यांनी सांगितलं. त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये ते आणि त्यांचे काका बघायला येणार असं ठरलं. मी ह्यांना विचारलं, कानाचं कळवलंत का? हे म्हणाले, “लिहिलंय, किंचित कमी ऐकू येतं म्हणून.” किंचित!

“आणि समोर बसल्यावर काय करायचं? नवख्या माणसाचे ओठ त्यांना लगेच कुठे वाचता येतात?” मी विचारलं.

तेव्हा ह्यांनी आपली युक्ती सांगितली. मुलगी बघायला आले की लोक काय विचारतात? नाव, शिक्षण, नोकरी, स्वयंपाक, गाणं, आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ सगळीकडे हेच प्रश्न आणि ह्याच क्रमानं. उत्तरं पाठ असली की ऐकायची गरजच काय? कपाळ माझं! पण खरं सांगू, मलाही त्यात तथ्य वाटलं. सांगलीला मला बघायला हे स्वतः आले होते तेव्हा अगदी ह्याच क्रमानं विचारलं होतं. वन्संना विचारलं, तर त्या थकल्यासारख्या “बरं” म्हणाल्या. रेकॉर्ड रूमला दोन वर्षं होत आली होती. नाही म्हणायला लागणारं बळच उरलं नव्हतं त्यांच्यात. ह्यांनी दोन संध्याकाळ त्यांच्याकडून घोकून घेतलं.

पाहुणे आले. विनायकराव शांत, किरकोळ अंगाचे. काका बोलके. पोहे झाले, चहा आला. नाव विचारलं, उत्तर बरोबर. शिक्षण विचारलं, तेही बरोबर. ह्यांचा चेहरा फुलला. आणि दिवे गेले.

मी कंदील आणायला आत धावले. काड्यापेटी सापडेना. बाहेरून आवाज येत होते. काका अंधारातच पुढे चालू.

“तुमचे वडील कशानं वारले हो?”

“ट्रंक एक्स्चेंजमध्ये,” वन्सं म्हणाल्या. “कायम नोकरी आहे.”

 मग काका, थोडे बिचकत, “आणि आईंची तब्येत बरी असते ना?”

“सगळं येतं. पुरणपोळीसुद्धा.”

“इथे दिवे असे नेहमी जातात का?”

“थोडंफार. भजनं म्हणते.”

मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून उभी. हसावं की रडावं कळेना. कंदील पेटवून बाहेर नेला, तर पहिला उजेड काकांच्या चेहऱ्यावर पडला. वन्संनी तो चेहरा बघितला, मग ह्यांचा बघितला. काय झालंय ते त्यांना कळलं. मला वाटलं, आता उठून आत जातील. त्या उठल्या नाहीत. साडीचा पदर नीट केला आणि म्हणाल्या,

“मला ऐकू येत नाही. एक कान पूर्ण गेलाय, दुसरा नावालाच आहे. तुम्ही समोर बघून बोललात की ओठांवरून कळतं. अंधारात काही कळत नाही. दादानं उत्तरं पाठ करून घेतली होती, पण तुम्ही प्रश्न दुसरेच विचारलेले दिसतात.”

दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. घरातसुद्धा कधी म्हणाल्या नव्हत्या. हे जमिनीकडे बघत बसले, तोंडात मारल्यासारखे.

विनायकरावांनी काय करावं? उठून माझ्या हातातला कंदील घेतला, स्टुलावर आपल्या तोंडासमोर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले, “माझी काही हरकत नाही. घरात ऐकण्यासारखं असतं तरी काय? बाहेरचं सगळं मी बघतो. तुम्हाला कुणाशी बोलायची वेळच येणार नाही.”

चांगला माणूस होता, मी आजही म्हणेन. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ह्यांनी मान वर केली. मला वाटलं, ठरलं.

“आता तुम्हाला काही विचारायचंय का?” काकांनी विचारलं, ह्या वेळी उजेडात येऊन.

“हो,” वन्सं विनायकरावांना म्हणाल्या. “मला कुणाशी बोलायची वेळच आली नाही, तर मी दिवसभर काय करू?”

विनायकराव विचारात पडले. “ह्याचा मी विचार केला नव्हता,” असं प्रामाणिकपणे म्हणाले. वन्संनी त्यांना नमस्कार केला, आणि तो होकाराचा नमस्कार नव्हता हे त्यांनाही कळलं. पाहुणे गेल्यावर घरात जे रामायण झालं ते सांगत नाही. “दुसरं असं स्थळ येणार आहे का?” हे ओरडले, तर वन्सं म्हणाल्या, “नको येऊ दे. आणि ओरडू नकोस, तोंड वेडंवाकडं होतं, वाचता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या तडक बीणादींकडे गेल्या. बीणापाणी दत्त म्हणजे त्यांच्या सुपरवायझर, वजनदार बाई, सगळ्या अर्थांनी. वन्संनी त्यांना दारातच सांगितलं, “मला ऐकू येत नाही. दोन वर्षं मान डोलवून तुम्हाला फसवलं. आता मला नव्या मुली शिकवायला द्या.”

बीणादींना आधी वाटलं, डोकं फिरलं हिचं. पण वन्संनी नीट सांगितलं. रेकॉर्ड रूम आणि बोर्डांची खोली ह्यांच्यामध्ये काचेची भिंत आहे. गठ्ठे बांधता बांधता त्या समोरच्या मुलींची तोंडं वाचत बसायच्या. कोण हनुवटी छातीला लावून बोलते, कोण नंबराचा शेवट खाऊन टाकते, कोण तोंड न उघडताच आकडे सांगते, सगळं त्यांना दिसायचं. चांगल्या कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, त्यामुळे तो तोंडाकडे बघत नाही. वन्संना तोंडच होतं फक्त. बीणादी म्हणाल्या, “कागदावर काही देता येणार नाही मला. जेवणाच्या सुट्टीत बस दोघींना घेऊन, बघू.”

त्यांची शिकवायची पद्धत मला ठाऊक आहे, कारण पहिला प्रयोग माझ्यावरच झाला. वर्तमानपत्राची एक बोटभर पट्टी फाडायची, बोलणारणीच्या तोंडासमोर धरायची आणि म्हणायचं, बोला, पाटणा, भागलपूर, फैजाबाद. माझी पट्टी ‘पाटणा’लाच फडफडली. म्हणजे तेवढी फुंकर पलीकडच्या माणसाच्या कानात गेली, आणि त्याला पाटण्याऐवजी नुसता वारा ऐकू आला. पट्टी हलता कामा नये आणि ओठ तर पुरते हलले पाहिजेत. करून बघा, नाकी नऊ येतात. मी तीन दिवस ‘भागलपूर’ करत पोळ्या लाटत होते.

मुली सुधारल्या. दोघींच्या चौघी झाल्या. मग जेवणाची सुट्टी पुरेना. वर्षभरानं बीणादींनी वर लिहिलं, की नव्या मुलींसाठी शिकवणारी बाई नेमायची आहे, ती ही. आणि तिथेच गाडी अडली. टेलिफोन शिकवणारी बाई बहिरी? वरून एक मोठे साहेब मुलाखतीला आले. होय म्हणाले तर वर्ग मिळणार, नाही म्हणाले तर जेवणाच्या सुट्टीतलं शिकवणंही बंद, पुन्हा सुतळीचा गुंडा. त्या सकाळी वन्संनी पोळीचा घासही घेतला नाही. मीही नाही.

मुलाखतीला बीणादी होत्या, त्यांनीच मला सगळं सांगितलं. साहेबांनी फाइलीत बघत पहिला प्रश्न विचारला. वन्सं म्हणाल्या, “साहेब, मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून बोला.” साहेबांनी दचकून वर बघितलं. मग मुलाखत संपेपर्यंत फाइल उघडली नाही. पट्टी काय, ओठ काय, सगळं विचारून घेतलं, स्वतः पट्टी धरून बघितली. शेवटी म्हणाले, “तरुण मुली असतात. तुमच्या पाठीमागे चेष्टा करतील, त्याचं काय?”

“पाठीमागे केली तर मला ऐकू येणार नाही, साहेब,” वन्सं म्हणाल्या. “आणि समोर केली तर सगळं कळेल.”

बीणादी म्हणतात, साहेब एवढे हसले की शिपाई आत डोकावला. चौऱ्याहत्तरच्या जूनपासून वन्संकडे वर्ग आहे.

आमच्या ह्यांनी हे सगळं ऐकलं, “बरं झालं” म्हणाले आणि पेपर उघडला. माझा असा संताप झाला! नागपूरचं प्रकरण झाल्यापासून बहीणभाऊ जेवढ्यास तेवढं बोलायचे. मंडळात कुणी वन्संबद्दल विचारलं की ह्यांचं ठरलेलं, “तिचं लक्ष नसेल,” “जरा दमलीय.” वन्संनी स्वतः सगळ्यांना सांगितलं होतं, पण हे काही केल्या सांगत नव्हते.

त्याच वर्षी गणपतीत मंडळाच्या मांडवात आरती होऊन प्रसाद वाटणं चाललं होतं. बँकेत बदली होऊन आलेल्या एका साहेबांच्या बायकोनं, मीनाक्षीबाईंनी, वन्संना पाठीमागून दोनदा हाक मारली. वन्संना कुठली कळायला! बाईंचा चेहरा पडला. त्या ह्यांच्याजवळ येऊन म्हणाल्या, “तुमच्या बहिणीला आमच्याशी बोलायचं दिसत नाही.” मी जवळच पंचामृताचं भांडं घेऊन उभी होते. मनात म्हटलं, आता येईल ‘जरा दमलीय.’

ह्यांनी घसा साफ केला. “ती माझी बहीण सरला,” म्हणाले. “ट्रंक एक्स्चेंजमध्ये नव्या ऑपरेटर शिकवते. तिला ऐकू येत नाही. समोर जाऊन बोला, सगळं कळतं तिला.” नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले. आजूबाजूच्या चार लोकांनी वळून बघितलं.

वन्सं तोवर आमच्याकडे वळल्या होत्या. मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, मध्ये माणसांची ही गर्दी. त्या तिथेच हातात प्रसादाचा द्रोण घेऊन थांबल्या. मग वाट काढत आमच्यापर्यंत आल्या, मीनाक्षीबाईंना नमस्कार केला, आणि ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत.

“दादा, आत्ता काय म्हणालास? लांबून नीट दिसलं नाही. पुन्हा सांग.”

दिसलं होतं सगळं. मला माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं. ह्यांनी हातातला द्रोण माझ्याकडे दिला, वन्संकडे तोंड केलं, आणि भर मांडवात सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.